गूगल फोटोजचा बॅकअप अडकला असेल तर: कारण शोधायचं कसं आणि दुरुस्त करायचं कसं

गूगल फोटोजचा बॅकअप थांबला तरी फोन त्याचा फारसा गाजावाजा करत नाही. अॅप उघडलं की सगळे फोटो दिसतात, वर-खाली सरकवता येतात, नाव टाकून शोधले तर सापडतातही. याचं कारण म्हणजे हे अॅप फोनमधले आणि क्लाउडवरचे, म्हणजे इंटरनेटवरून गूगलकडे साठवलेले, फोटो एकाच पडद्यावर मिसळून दाखवतं. म्हणूनच ‘अॅपमध्ये दिसतोय म्हणजे क्लाउडवर गेलाय’ हा समज सगळ्यात महागात पडतो. फोन चोरीला गेल्यावर किंवा पाण्यात पडल्यावर कळतं की गेल्या दिवाळीपासूनचा एकही फोटो वर पोचलेला नाही.

बॅकअप अडकण्याची कारणं मोजकीच आहेत आणि बहुतेक घरबसल्या सुटतात. फक्त कारण न शोधता सेटिंग फिरवत बसू नये. खालचं वर्णन मुख्यतः अँड्रॉइड फोनचं आहे, आयफोनसाठी पुढे वेगळा भाग आहे. मेनूतली नावं इंग्रजी सेटिंगमध्ये दिसतात तशीच उच्चारानं दिली आहेत. फोनच्या कंपनीप्रमाणे आणि अॅपच्या आवृत्तीप्रमाणे एखादं नाव थोडं वेगळं असेल.

सुरुवातीला हात लावू नये अशा गोष्टी

बॅकअप चालत नाही म्हटल्यावर कुणीतरी सल्ला देतं, ‘अॅप काढून परत टाक’ किंवा ‘फोन रिसेट मार’. रिसेट तर अजिबात नको, कारण जे फोटो वर गेलेले नाहीत तेच त्यात कायमचे जातात. अॅप अनइन्स्टॉल केल्यानं किंवा ‘क्लिअर स्टोरेज’ केल्यानं गॅलरीतले साधे फोटो जात नाहीत, पण ‘लॉक्ड फोल्डर’ या अॅपमधल्या कुलूपबंद कप्प्यात ठेवलेले आणि बॅकअप न झालेले फोटो जातात. आधार-पॅनचे, बँकेच्या पासबुकाचे फोटो अनेक जण तिथेच ठेवतात. त्यामुळे आधी तो फोल्डर उघडून बघा आणि त्यात काही असेल तर ते बाहेर काढा.

दुसरी सावधगिरी डिलीट करण्याची. गूगल फोटोजमध्ये फोटो डिलीट केला की तो फोनमधून आणि क्लाउडवरून, दोन्हीकडून जातो. बॅकअप झालेला फोटो ट्रॅशमध्ये ६० दिवस राहतो, न झालेला फक्त ३० दिवस. फोनमधली जागा मोकळी करायची असेल तर त्यासाठी ‘फ्री अप स्पेस’ किंवा एकेका फोटोपुरतं ‘डिलीट फ्रॉम डिव्हाइस’ हे वेगळे पर्याय आहेत. बॅकअपचा गोंधळ पूर्ण निस्तरेपर्यंत तेही वापरू नका.

अॅप स्वतः काय सांगतंय ते वाचा

१. गूगल फोटोज उघडा आणि उजवीकडे वरच्या कोपऱ्यातल्या तुमच्या गोल चित्रावर दाबा.

२. तिथे खात्याच्या नावाखाली बॅकअपची स्थिती एका ओळीत लिहिलेली असते. ती जशीच्या तशी वाचा, शक्य असेल तर तिचा स्क्रीनशॉट घ्या.

३. आता एखादा ताजा फोटो उघडा आणि तो वरच्या दिशेनं सरकवा. खाली तपशील येतात. त्यात ‘बॅक्ड अप’ आणि पुढे आकार लिहिला असेल तर तो फोटो वर गेला आहे. नसेल तर नाही.

स्थितीच्या ओळीत ‘बॅकअप इज ऑफ’ असेल तर प्रश्न तिथेच संपला: फोटोज सेटिंग्जमध्ये ‘बॅकअप’ उघडून तो चालू करा. ‘वेटिंग फॉर वाय-फाय’ असेल तर अॅपला वायफाय मिळत नाहीये किंवा मिळालेलं त्याला वायफाय वाटत नाहीये. ‘स्टोरेज फुल’ असेल तर जागेचा भाग वाचा. ‘बॅकिंग अप’ लिहिलंय, उरलेल्या फोटोंचा आकडाही दिसतोय, पण तो तासन् तास हलत नाही, हा प्रकार सगळ्यात जास्त आढळतो. त्याच्यासाठी एक सोपी चाचणी आहे.

फोन चार्जिंगला लावा, वायफायला जोडा, स्क्रीन बंद होण्याची वेळ फोनच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये १० मिनिटांवर न्या आणि गूगल फोटोज उघडं ठेवून फोन तसाच टेबलावर ठेवा. १० मिनिटांनी आकडा बघा. अॅप उघडं असताना आकडा कमी होतोय आणि बंद केलं की थांबतोय, तर दोष बॅटरीच्या सेटिंगचा आहे. उघडं असतानाही हलत नसेल तर दोष नेटचा, जागेचा किंवा एखाद्या अडकलेल्या फाइलचा आहे. या एका चाचणीनं निम्मी शक्यता बाजूला होते, म्हणून ती टाळू नका.

खातं कोणतं आहे?

ही तपासणी क्षुल्लक वाटते, पण घरोघरी गफलत इथेच असते. आईबाबांचा फोन मुलानं सुरू करून दिलेला असतो, प्ले स्टोअर चालावं म्हणून त्यात मुलाचंच खातं टाकलेलं असतं, आणि पुढे बाबांचं खातं जोडलं जातं. बॅकअप एका वेळी एकाच खात्यात जातो. मग फोटो जातात मुलाच्या खात्यात आणि शोधले जातात बाबांच्या. बॅकअप सेटिंगमध्ये खात्याचा ईमेल पत्ता लिहिलेला असतो, तो अक्षर न् अक्षर वाचा.

कॉलेजनं किंवा ऑफिसनं दिलेल्या खात्यात घरचे फोटो ठेवू नका. तिथली जागा संस्थेची असते. कोर्स संपला किंवा नोकरी सुटली की खातं बंद होऊ शकतं, आणि त्यासोबत फोटोही जातात.

पासवर्ड नुकताच बदलला असेल तर फोनवर पुन्हा साइन-इन करायला सांगणारी सूचना आलेली असते आणि ती बहुधा सरकवून टाकलेली असते. फोनच्या सेटिंगमध्ये ‘पासवर्ड्स अँड अकाउंट्स’मध्ये खात्याजवळ लाल खूण किंवा ‘अॅक्शन रिक्वायर्ड’ असं दिसतंय का ते बघा.

सॅमसंग किंवा इतर कंपन्यांच्या स्वतःच्या गॅलरीत दिसणारं ढगाचं चिन्ह वेगळ्या सेवेचं असतं. त्यावरून गूगल फोटोजबद्दल काहीच कळत नाही.

जागा भरली असेल तर

गूगलच्या प्रत्येक खात्याला १५ जीबी जागा फुकट मिळते आणि ती जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज या तिघांत मिळून असते. म्हणजे फोटो फक्त ६ जीबीचे असले तरी बाकीची जागा जुन्या मेलच्या अटॅचमेंटनी आणि ड्राइव्हवरच्या फाइलींनी खाल्लेली असू शकते. यात अलीकडे तिसरी भर पडली ती व्हॉट्सअॅपची. अँड्रॉइडवरचा व्हॉट्सअॅपचा चॅट बॅकअप आधी या हिशेबात धरला जात नसे. २०२४पासून तो तुमच्या १५ जीबीतच मोजला जातो. कुटुंबाच्या, सोसायटीच्या, शाळेच्या ग्रुपवरचे व्हिडिओ त्या बॅकअपमध्ये घेतले जात असतील तर तेवढ्यानंच अनेक जीबी भरतात.

जागा पूर्ण भरली की फोटोंचा बॅकअप थांबतोच, शिवाय जीमेलवर नवे मेलही येत नाहीत. आणि खातं सलग दोन वर्षं मर्यादेच्या वर राहिलं तर गूगल त्यातला मजकूर काढून टाकू शकतं. तेव्हा हे काम पुढे ढकलू नये.

जागा मोकळी करताना सगळ्यात कमी श्रमात सगळ्यात जास्त जागा कुठे मिळते, त्या क्रमानं जा:

• व्हॉट्सअॅपमध्ये सेटिंग्ज, चॅट्स, चॅट बॅकअप इथे ‘इन्क्लूड व्हिडिओज’ बंद करा आणि एकदा नव्यानं बॅकअप घ्या. नवा बॅकअप जुन्याची जागा घेतो आणि आकार एकदम खाली येतो. ज्यांना चॅटमधले व्हिडिओ जपायचेच आहेत त्यांनी मात्र हे करू नये.

• गूगल फोटोजमध्ये गोल चित्रावर दाबून ‘मॅनेज स्टोरेज’ उघडा. तिथे मोठे फोटो-व्हिडिओ, स्क्रीनशॉट, धूसर फोटो अशा वेगळ्या याद्या असतात. मोठ्या व्हिडिओंपासून सुरुवात करा. खिशात चुकून सुरू झालेलं एक रेकॉर्डिंगसुद्धा हजारभर स्क्रीनशॉटइतकी जागा घेऊ शकतं.

• कॉम्प्युटरवर जीमेल उघडा, शोधायच्या चौकटीच्या उजव्या टोकाला असलेल्या फिल्टरच्या खुणेवर दाबा आणि आकार १० एमबीपेक्षा मोठा अशी अट घाला. नको ते मेल काढून झाले की जीमेल आणि ड्राइव्ह दोन्हींचं ट्रॅश रिकामं करा. ट्रॅशमध्ये असेपर्यंत ती जागा मोकळी होत नाही.

एक गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवा. १ जून २०२१च्या आधी ‘हाय क्वालिटी’ या पर्यायानं चढवलेले फोटो १५ जीबीत मोजलेच जात नाहीत. त्यामुळे २०१८च्या सहलीचे फोटो काढून टाकले तरी अनेकदा एक एमबीही वाढत नाही. जुने फोटो पुसण्याआधी तपशिलात बघा: फोटो जागा घेत नसेल तर तिथे तसं लिहिलेलं असतं.

पुढे जागा कमी लागावी म्हणून बॅकअप सेटिंगमध्ये ‘बॅकअप क्वालिटी’ हा पर्याय आहे. ‘ओरिजिनल’मध्ये फाइल जशीच्या तशी जाते. ‘स्टोरेज सेव्हर’मध्ये फोटो दाबून लहान केला जातो: १६ मेगापिक्सेलपेक्षा मोठे फोटो १६ मेगापिक्सेलवर आणले जातात आणि १०८० पीपेक्षा वरचे व्हिडिओ १०८० पीवर. मोबाइलवर बघायला आणि साध्या आकाराच्या छपाईला हे पुरेसं आहे. आधीच ‘ओरिजिनल’मध्ये चढलेले फोटो लहान करायचे असतील तर वेबवरच्या गूगल फोटोजच्या सेटिंगमध्ये ‘रिकव्हर स्टोरेज’ हे बटण आहे. पण ते दाबल्यावर माघार नाही, क्लाउडवरची मूळ प्रत परत मिळत नाही. लग्नाचे किंवा व्यावसायिक कामाचे फोटो असतील तर आधी मूळ प्रती हार्ड डिस्कवर उतरवून घ्या.

जागा विकत घ्यायची ठरवली तर गूगल वनची योजना घरातल्या आणखी पाच जणांसोबत वाटून घेता येते. जागा सामायिक होते, फोटो नाही. कुणाचे फोटो दुसऱ्याला दिसत नाहीत.

कॅमेऱ्याचे जातात, व्हॉट्सअॅपचे जात नाहीत

बॅकअप चालू केला की मूळ कॅमेऱ्याचा फोल्डर आपोआप धरला जातो. बाकीचे म्हणजे व्हॉट्सअॅप, स्क्रीनशॉट, इन्स्टाग्राम, डाउनलोड हे फोल्डर तुम्ही स्वतः चालू करेपर्यंत बाहेरच राहतात. फोटोज सेटिंग्ज, बॅकअप, ‘बॅक अप डिव्हाइस फोल्डर्स’ इथे प्रत्येक फोल्डरसमोर बटण असतं. व्हॉट्सअॅप इमेजेस सरसकट चालू करण्याआधी विचार करा: रोजच्या शुभ सकाळच्या चित्रांनी तुमची जागा भरेल. नातवाचे फोटो व्हॉट्सअॅपवरच येत असतील तर ते तेवढे निवडून, उघडून, ‘बॅक अप नाऊ’ करणं जास्त शहाणपणाचं.

ड्युअल अॅप, सेकंड स्पेस, प्रायव्हेट सेफ अशा सोयींमध्ये ठेवलेले फोटो मुख्य बॅकअपला दिसत नाहीत. ते बाहेर काढल्याशिवाय वर जाणार नाहीत.

फोटो अॅपलाच दिसत नसतील तर परवानगी तपासा. अँड्रॉइड १४पासून ‘निवडक फोटोंनाच परवानगी’ असा पर्याय आला आहे. घाईत तोच दाबला गेला तर अॅपला तेव्हा निवडलेले चारच फोटो दिसतात आणि ते ‘बॅकअप कम्प्लीट’ असं प्रामाणिकपणे सांगत राहतं. गूगल फोटोजच्या आयकॉनवर दाबून धरा, ‘अॅप इन्फो’, मग ‘परमिशन्स’, मग ‘फोटोज अँड व्हिडिओज’ आणि ‘ऑलवेज अलाउ ऑल’ निवडा.

त्याच पानावर खाली ‘पॉज अॅप अॅक्टिव्हिटी इफ अनयूज्ड’ असं बटण असतं. ते बंद करा. काही महिने अॅप उघडलंच नाही तर अँड्रॉइड त्याच्या परवानग्या काढून घेतं. जे लोक फोटो कायम फोनच्या गॅलरीतच बघतात, गूगल फोटोज कधी उघडत नाहीत, त्यांचा बॅकअप यामुळे एक दिवस गुपचूप थांबतो. ज्येष्ठांच्या फोनमध्ये हे बटण आवर्जून बघावं.

नेट आहे, पण पुरेसं आहे का?

व्हिडिओ बघताना लागतो तो डाउनलोडचा वेग. बॅकअपला लागतो अपलोडचा, आणि मोबाइल नेटवर तो बहुधा बराच कमी असतो. वेग मोजणाऱ्या कुठल्याही अॅपमधला अपलोडचा आकडा बघा आणि हिशेब करा. ४ एमबीचा एक धरला तर हजार फोटो म्हणजे ४ जीबी. अपलोड ५ एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट, ८ मेगाबिट म्हणजे १ एमबी) असेल तर ते चढायला जवळजवळ पावणेदोन तास लागतात, १० एमबीपीएस असेल तर तासाभरात होतं. व्हिडिओचं गणित वेगळं आहे. आयफोनवर फोर-के व्हिडिओ मिनिटाला १७० ते ४०० एमबी घेतो, अँड्रॉइडवरही अंदाज साधारण त्याच घरातला. बारशाचं २० मिनिटांचं रेकॉर्डिंग एका संध्याकाळीत न चढणं हा बिघाड नव्हे.

रोज दीड-दोन जीबीच्या पॅकवर मोठा बॅकअप करायचा प्रयत्न करू नका. रोजचा कोटा संपला की वेग ६४ केबीपीएससारख्या पातळीवर येतो, फोनवर रेंज पूर्ण दिसते आणि अपलोड मात्र जागचं हलत नाही. मोबाइल डेटावर बॅकअप घ्यायचाच असेल तर बॅकअप सेटिंगमध्ये ‘मोबाइल डेटा युसेज’ उघडा. तिथे रोजची मर्यादा ठरवता येते आणि व्हिडिओंसाठी वेगळं बटण असतं. फोटो चालू, व्हिडिओ बंद ही जोडी बऱ्याच जणांना सोयीची पडते. परदेशात भारतातलं सिम वापरत असाल तर रोमिंगचं बटण बंदच ठेवा.

वायफाय जोडलेलं असूनही ‘वेटिंग फॉर वाय-फाय’ दिसत असेल तर या जागा तपासा. दुसऱ्या फोनच्या हॉटस्पॉटला अँड्रॉइड बहुधा मोजून वापरायचं नेट समजतं. वायफायच्या सेटिंगमध्ये त्या नेटवर्कच्या चक्रावर दाबून ‘ट्रीट अॅज अनमीटर्ड’ निवडता येतं. हॉटेल किंवा रेल्वे स्टेशनवरच्या वायफायला ब्राउझरमध्ये लॉगिन करावं लागतं, ते केल्याशिवाय नुसती वायफायची खूण दिसते. फोनचा ‘डेटा सेव्हर’ चालू असेल तर बंद करा किंवा गूगल फोटोजला त्यातून सूट द्या. व्हीपीएन, जाहिराती अडवणारं अॅप किंवा ‘प्रायव्हेट डीएनएस’मध्ये टाकलेला पत्ता तात्पुरता बंद करून बघा. फोनची तारीख आणि वेळ आपोआप घेण्यावर ठेवा: तारीख चुकली की सुरक्षित जोडणीच होत नाही आणि एरर मात्र नेटची दिसते.

बॅटरी वाचवण्याच्या नादात बंद पडलेला बॅकअप

आपल्याकडे सर्वाधिक खपणाऱ्या फोनमध्ये अडचणीचं मूळ बहुतेक वेळा इथे असतं. बॅटरी जास्त टिकावी म्हणून या कंपन्या पडद्याआड चालणारी अॅप फार लवकर झोपवतात. व्हॉट्सअॅपसारख्या लोकप्रिय अॅपना सूट दिलेली असते, गूगल फोटोजला मिळेलच असं नाही. त्यातच रिसेंट अॅप्समधून सगळी अॅप सरकवून बंद करण्याची सवय असेल तर काही फोनमध्ये अॅपचं पडद्यामागचं काम तिथेच तोडलं जातं.

कंपनीप्रमाणे जागा अशा:

• रेडमी, पोको: अॅप इन्फोमध्ये ‘ऑटोस्टार्ट’ चालू, आणि ‘बॅटरी सेव्हर’मध्ये ‘नो रिस्ट्रिक्शन्स’.

• रियलमी, ओप्पो, वनप्लस: अॅप इन्फोमध्ये ‘बॅटरी युसेज’, तिथे ‘अलाउ बॅकग्राउंड अॅक्टिव्हिटी’ आणि ‘अलाउ ऑटो लाँच’ दोन्ही चालू.

• विवो, आयक्यू: सेटिंग्ज, बॅटरी, बॅकग्राउंडमधल्या वीजवापराच्या यादीत फोटोज शोधून निर्बंध काढा. परवानग्यांच्या पानावर ऑटोस्टार्टही द्या.

• सॅमसंग: अॅप इन्फोमध्ये बॅटरी ‘अनरिस्ट्रिक्टेड’. शिवाय सेटिंग्ज, बॅटरी, ‘बॅकग्राउंड युसेज लिमिट्स’मध्ये कधीही न झोपणाऱ्या अॅपच्या यादीत फोटोज घाला. झोपलेल्या अॅपच्या यादीत ते आधीच गेलेलं असेल तर तिथून काढा.

• मोटोरोला, पिक्सेल: अॅप इन्फोमध्ये बॅटरी ‘अनरिस्ट्रिक्टेड’.

ही सूट गूगल फोटोज आणि गूगल प्ले सर्व्हिसेस या दोघांनाच पुरे. सगळ्या अॅपना दिलीत तर बॅटरी खरंच उतरेल. सूट दिल्यावर फोन एकदा बंद करून चालू करा, रात्री चार्जिंगला लावून वायफायवर ठेवा आणि सकाळी आकडा बघा. फोनचा सर्वसाधारण ‘बॅटरी सेव्हर’ रात्रभर आपोआप चालू होत असेल तर तोही बंद ठेवा. वीज वारंवार जात असेल तर राउटरला छोटा यूपीएस लावणं हा खर्च सार्थकी लागतो. फोन चार्ज असतो, पण राउटर बंद पडतो आणि रात्र वाया जाते.

‘वन आयटम लेफ्ट’ आणि तिथेच थांबलंय

हजारो फोटो गेले आणि एक-दोनच दिवसेंदिवस राहिले, तर ती फाइलच सदोष असण्याची शक्यता मोठी आहे. गूगल फोटोज २०० एमबी किंवा २०० मेगापिक्सेलपर्यंतचा फोटो घेतं, व्हिडिओच्या आकारालाही मर्यादा आहे. त्यापेक्षा मोठी फाइल जात नाही. रेकॉर्डिंग चालू असताना बॅटरी संपली किंवा फोन हँग झाला तर अर्धवट फाइल तयार होते, तीही अडकते. मेमरी कार्ड खराब होऊ लागलं असेल तर वाचतानाच एरर येते.

बॅकअपच्या पानावर न गेलेल्या वस्तूंची यादी दिसत असेल तर तिथून फाइल उघडा. दिसत नसेल तर मुख्य पडद्यावर काट मारलेल्या ढगाची खूण असलेला फोटो शोधा. मग ती फाइल शेवटपर्यंत चालवून बघा. नीट चालत असेल तर एडिटमध्ये जाऊन व्हिडिओचा शेवटचा एक सेकंद कापा आणि ‘सेव्ह कॉपी’ करा. नवी प्रत नव्यानं लिहिली जाते आणि बहुतेक वेळा चढते. व्हिडिओ मर्यादेपेक्षा मोठा असेल तर त्याचे तुकडे करा. फाइल उघडतच नसेल तर ‘फाइल्स’ अॅपमधून ती कॅमेऱ्याच्या फोल्डरबाहेर, बॅकअप बंद असलेल्या एखाद्या फोल्डरमध्ये हलवा. रांग मोकळी होते.

एकच नाही, कार्डावरच्या बऱ्याच फाइली अडकत असतील तर बॅकअपचा नाद तात्पुरता सोडा. कार्ड बाहेर काढा, कार्ड रीडरनं कॉम्प्युटरला लावा आणि जितकं निघतंय तितकं आधी उतरवून घ्या. मरू घातलेलं कार्ड जितकं वापराल तितकं लवकर जातं.

फोनची स्वतःची मेमरी काठोकाठ भरली असेल तरीही बॅकअप रखडतो, कारण अॅपला तात्पुरत्या फाइलींसाठी जागा लागते. निदान १-२ जीबी रिकामी असू द्या. नेटफ्लिक्स-यूट्यूबवर उतरवलेले व्हिडिओ काढले तरी बहुधा काम भागतं.

मग अॅपची डागडुजी

वरचं सगळं पाहून झालं असेल तरच. प्ले स्टोअरवरून गूगल फोटोज आणि गूगल प्ले सर्व्हिसेस अपडेट करा. अॅप इन्फो, ‘स्टोरेज अँड कॅश’मध्ये ‘क्लिअर कॅश’ करा. यानं फोटो जात नाहीत, फक्त पुढचे काही तास छोटी चित्रं सावकाश दिसतात. बॅकअपचं बटण बंद करून, फोन रीस्टार्ट करून, पुन्हा चालू करा. एवढ्यानं न जमलं आणि लॉक्ड फोल्डर रिकामा असल्याची खात्री झाली तर ‘क्लिअर स्टोरेज’ करा. त्यानंतर बॅकअपची सगळी सेटिंग नव्यानं घालावी लागतात. अॅप आधी चढलेले फोटो ओळखतं, पुन्हा चढवत नाही, पण ती जुळवणी करायला मोठ्या संग्रहाला बराच वेळ लागतो. त्या काळात ‘गेटिंग रेडी’सारखी ओळ दिसली तर घाबरू नका.

आयफोन

आयफोनची स्वतःची क्लाउड सेवा म्हणजे आयक्लाउड. तिची फुकट जागा ५ जीबीच आहे आणि त्यातच संपूर्ण फोनचा बॅकअपही बसतो, म्हणून तिथे जागा भरणं हेच पहिलं कारण समजा. सेटिंग्जमध्ये आपल्या नावावर दाबून आयक्लाउड, फोटोज इथे ‘सिंक धिस आयफोन’ चालू आहे का ते बघा. ‘लो पॉवर मोड’ चालू असला किंवा फोन तापला की सिंक आपोआप थांबतं. चार्जर लावून, स्क्रीन लॉक करून, वायफायवर रात्रभर ठेवणं हा तिथला सगळ्यात खात्रीचा उपाय. आयक्लाउड फोटोज ही सिंक करणारी सेवा आहे हे मात्र पक्कं लक्षात ठेवा: आयफोनवर डिलीट केलेला फोटो आयपॅडवरून आणि क्लाउडवरूनही जातो, आणि ‘रिसेंटली डिलीटेड’मध्ये ३० दिवस राहतो.

आयफोनवर गूगल फोटोज वापरत असाल तर त्याला ‘फुल अॅक्सेस’ द्या आणि ‘बॅकग्राउंड अॅप रिफ्रेश’ चालू ठेवा. आयओएस पडद्यामागे अॅपना थोडाच वेळ देतं, म्हणून पहिला मोठा बॅकअप अॅप उघडं ठेवूनच करावा. शिवाय आयफोनमध्ये ‘ऑप्टिमाइझ स्टोरेज’ चालू असेल तर मूळ फोटो आयक्लाउडवर असतो. गूगल फोटोजला तो आधी खाली आणावा लागतो आणि मग वर चढवावा लागतो, त्यामुळे दुप्पट डेटा आणि दुप्पट वेळ जातो.

झालं का, हे दुसऱ्या यंत्रावरून बघा

फोनवरच्या ‘कम्प्लीट’वर विसंबू नका. कॉम्प्युटरवर किंवा दुसऱ्या कुणाच्या फोनच्या ब्राउझरमध्ये गूगल फोटोजचं संकेतस्थळ उघडा आणि त्याच खात्यानं लॉगिन करा. तिथे फक्त क्लाउडवरचेच फोटो दिसतात. कालचा एक, गेल्या महिन्यातला एक आणि वर्षापूर्वीचा एक, असे तीन फोटो आणि एखादा लांब व्हिडिओ उघडून बघा. व्हिडिओ शेवटपर्यंत चालवा. हे जमलं की मगच ‘फ्री अप स्पेस’ वापरायला हरकत नाही. काम झाल्यावर दुसऱ्याच्या यंत्रावरून लॉगआउट करा.

फोन दुरुस्तीला द्यायचाय आणि बॅकअप होतच नाहीये

अशा वेळी क्लाउडची वाट बघू नका. फोन यूएसबी केबलनं कॉम्प्युटरला जोडा, फोनवर येणाऱ्या सूचनेत ‘फाइल ट्रान्सफर’ निवडा आणि ‘डीसीआयएम’ नावाचा अख्खा फोल्डर उतरवून घ्या. व्हॉट्सअॅपचे फोटो त्यात नसतात. ते ‘अँड्रॉइड’ फोल्डरमध्ये ‘मीडिया’च्या आत, व्हॉट्सअॅपच्या फोल्डरमध्ये सापडतात. केबल जोडूनही फक्त चार्जिंगच होत असेल तर बहुधा ती निव्वळ चार्जिंगची केबल असते, फोनसोबत आलेली वापरून बघा. कॉम्प्युटर नसेल तर ओटीजी (थेट फोनला जोडता येणारा) पेनड्राइव्ह चालतो, पण तो फॅट३२ पद्धतीनं फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबी किंवा त्याहून मोठी फाइल त्यावर बसत नाही. लांब व्हिडिओ असतील तर आधी एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. फोटो स्वतःलाच व्हॉट्सअॅपवर पाठवून ठेवणं ही पळवाट नको: तिथे ते दाबून लहान होतात, आणि काढल्याची तारीख व ठिकाणही त्यातून निघून जातं.

उतरवलेला फोल्डर नंतर कॉम्प्युटरच्या ब्राउझरमधून गूगल फोटोजच्या पानावर ओढून टाकता येतो. पुढे फोन दुरुस्त होऊन आला आणि त्यानं तेच फोटो चढवायला घेतले तरी हुबेहूब तीच फाइल असेल तर गूगल ती ओळखतं आणि दुसरी प्रत ठेवत नाही. फक्त दोन्हीकडे ‘बॅकअप क्वालिटी’ एकच ठेवा.